मैनूमामांचा दुखवटा

माझ्या नवऱ्याच्या मृत्यूची बातमी मला सात रस्त्याच्या चौकात कळली. त्या वेळी मी त्यांच्याच रिक्षात मागं बसले होते आणि रिक्षा तेच चालवत होते.

सिग्नलला थांबलो होतो. समोरच्या खांबाला नवा फ्लेक्स बांधलेला. त्यावर यांचा जुना फोटो, काळा-पांढरा. डोक्याला फेटा, नाकाखाली त्या भल्यामोठ्या मिशा. दोन्ही बाजूंना समया तेवताहेत, खाली गुलाबाच्या पाकळ्या सांडल्यात, वर ठळक अक्षरांत 'मैनूमामा' आणि तळाशी रविवारची वेळ आणि सभागृहाचं नाव. शेजारच्या मोटारसायकलवाल्यानं हँडल सोडून फ्लेक्सला हात जोडले.

"गेले बघा मामा," तो यांना म्हणाला. "लई चांगला माणूस हुता."

"हौ," हे म्हणाले. "चांगला हुता म्हणतात."

तेवढ्यात सिग्नल सुटला. मी मागून ओरडले, "अहो, हे काय आहे?" तर आरशातून माझ्याकडं बघून म्हणाले, "फोटो चांगला आलाय, नाही?"

आता नीट सुरुवातीपासून सांगते. मी उर्दू शाळेत आयुष्यभर मराठी शिकवलं, त्यामुळं अर्धवट सांगितलेली गोष्ट मला चालत नाही. आमच्या घरात दखनी बोलतात, पण इथं मी सगळं मराठीतच लिहितेय.

वीस-पंचवीस वर्षांपूर्वी शहरातल्या केबलवर संध्याकाळी पाच वाजता लहान मुलांचा एक कार्यक्रम लागायचा. हे तेव्हा शाळेची रिक्षा चालवायचे. यांच्या रिक्षात रडत चढलेलं पोर हसत उतरतं, ही गोष्ट केबलवाल्याच्या कानावर गेली आणि त्यानं यांना उचलून कॅमेऱ्यासमोर बसवलं. चेहरा फार किरकोळ दिसतो म्हणून मिशा चिकटवल्या, फेटा बांधला. मैनुद्दीनचे मैनूमामा झाले. कार्यक्रमात हे काय करायचे? तसं पाहिलं तर काहीच नाही. बाजेवर बसून हळू आवाजात बोलायचे. हाताला टॉवेल गुंडाळून त्याची शेळी करायचे. ती शेळी चोवीस तास खोटं बोलायची आणि हे तिला रागवायचे नाहीत. मुलं घरात बसून ओरडायची, "शेळी खोटं बोलते!" आणि हे म्हणायचे, "व्हय का? असू दे, भूक लागली असंल तिला." एवढ्यावर अख्ख्या सोलापुरातली पोरं पाचच्या ठोक्याला टीव्हीसमोर.

हे नाटक नव्हतं, हीच पंचाईत आहे. माझ्या नवऱ्याला खरोखरच रागवता येत नाही. कुणाला नाही म्हणता येत नाही. समोरच्याला वाईट वाटेल, ही एकच भीती घेऊन हा माणूस जगला. एकदा दारातून चोरानं आमची सायकल नेली, तेव्हा हे त्याच्या मागं जीव खाऊन पळाले. मला वाटलं, चला, एकदाचं रक्त उसळलं. परत आले तेव्हा म्हणाले, "त्याला सांगून आलो, पुढचा ब्रेक लागत नाही म्हणून." अशा माणसाशी संसार करायचा म्हणजे घरातलं 'नाही' म्हणायचं सगळं काम बायकोच्या गळ्यात पडतं. गावभर ते गोड मामा आणि मी खाष्ट मामी.

त्या काळच्या प्रेक्षकांपैकी एक अजिंक्य. आता पुण्यात असतो, फिल्म बनवतो. त्यानं यांच्यावर डॉक्युमेंटरी केली. जुन्या टेपा हुडकून काढल्या, मोठ्या झालेल्या मुलांना बोलतं केलं. यांची मुलाखत मागितली तेव्हा मात्र हे चक्क तयार होईनात. "पोरांना मिशीवाला मामा ठाऊक हाय. आता बिनमिशीचा म्हातारा दाखवून कशाला कुणाचं मन मोडायचं?" त्यामुळं अख्ख्या फिल्ममध्ये आजचे मामा कुठंच नाहीत. हे लक्षात ठेवा, पुढं सगळं यानंच बिघडलं.

फिल्मचा पहिला खेळ सोलापुरात ठरला. अजिंक्यनं फोनवरूनच गुरुलिंगच्या दुकानात फ्लेक्सची ऑर्डर दिली. गुरुलिंगकडं फ्लेक्सचे दोनच नमुने तयार असतात. एक वाढदिवसाचा, त्यात सिंह, मुकुट आणि शुभेच्छुकांचे डझनभर चेहरे. दुसरा म्हणजे दुसरा. फोटो रंगीत आला की तो पहिला नमुना काढतो, काळा-पांढरा आला की दुसरा. अजिंक्यनं कलाकारी म्हणून काळा-पांढरा पाठवला. 'डॉक्युमेंटरी' हा शब्द फ्लेक्सवर होता, नाही असं नाही, पाकळ्यांमध्ये कुठंतरी. पण आमच्या गावात फ्लेक्स वाचत नाहीत. चेहरा रंगीत असला तर वाढदिवस, करडा असला तर माणूस गेला.

मी सिग्नलवरून रिक्षा थेट गुरुलिंगच्या दुकानाकडं वळवायला लावली. म्हटलं, बघतेच याला. तर मला बघताच गुरुलिंग काउंटरवर डोकं टेकून हुंदके द्यायला लागला.

"मामी, आसं कसं झालं वो एकाएकी? फ्लेक्स लावूस्तवर मला पत्त्याच न्हाई!"

त्याचा स्वतःच्याच फ्लेक्सवर विश्वास बसला होता. मी तोंड उघडणार, तोवर हे पुढं होऊन त्याच्या पाठीवरून हात फिरवायला लागले. "उगी, उगी. जाणारा गेला." गुरुलिंगनं डोळे पुसत यांच्याकडं पाहिलं. पांढरे केस, गुळगुळीत चेहरा, डोक्याला साधी टोपी. "तुमी मामाचं भाऊ का?"

"हौ," हे म्हणाले.

रिक्षात बसल्यावर मी काय काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. ह्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "अगं, एवढा मोठा माणूस माझ्यासाठी रडला. त्याला कसं सांगू, फुकट रडलास म्हणून?"

दुसऱ्या दिवसापासून आमच्या दारात रीघ लागली. बँकेतले साहेब आले, डॉक्टरीण आली, मिशा पिळलेला फौजदार आला आणि उंबऱ्यातच लहान मुलासारखा रडला. मंद्रूपहून एक शेतकरी जोडपं बाजार सोडून आलं. सगळ्यांच्या पुढ्यात चहा ठेवायला हेच, मयताचे भाऊ म्हणून. तुम्ही विचाराल, दफन कुठं झालं, कधी झालं, हे एकानंही कसं विचारलं नाही? त्याचं कारण सोपं आहे. आपण मयतीला गेलो नाही याची जो तो लाज बाळगून होता. बाकी सगळे गेले असणार, आपणच राहिलो, असं प्रत्येकाला वाटत होतं. मग विचारणार कोण?

आणि प्रत्येकाच्या हातात टॉवेल-टोपी. आमच्यात ही पद्धत नाही, पण सोलापुरात मयताच्या घरी दुखवट्याला कापड न्यायचं म्हटलं की टॉवेलच नेणार, इथं घरोघरी तोच विणतात. दिवाणावर टॉवेलांची रास लागली. हे माणसं गेली की एकेक उलगडून बघायचे. "हा चांगला हाय, पाणी ओढंल."

शेजारच्या सारजाबाई आल्या. आमची त्यांची भिंत एक, आयुष्य एकमेकींच्या चुली बघत गेलेलं. त्यांच्याही हातात टॉवेल-टोपी.

"सारजाबाई, अहो, ते आत दाढी करतायत!"

"ठाव हाय की मला. आवाज येतोय," त्या म्हणाल्या. "पर समदी गल्ली देऊन गेली माजिदाभाभी. मीच न्हाई दिलं तर कसं दिसंल?" आणि टॉवेल राशीवर ठेवून, डोळ्याला पदर लावून गेल्या.

इथवर मी चिडले होते, पण मनातून थोडी हसतही होते. खोटं कशाला बोलू? यांच्या चेहऱ्यावर एक तेज आलं होतं. कार्यक्रम बंद पडला तेव्हा केबलवाल्यानं साधा निरोपही दिला नव्हता. हे इतकी वर्षं समजून होते की मुलं मोठी झाली, विसरली. आता तीच मुलं समोर बसून सांगत होती, मामानं आम्हाला काय दिलं ते. कोण जिवंतपणी एवढं ऐकतं?

मग शुक्रवारी दुपारी भीमाशंकर आला.

भीमाशंकरचा टॉवेलचा कारखाना आहे. तोही मामांचा भाचा, म्हणजे तो कार्यक्रम बघत वाढलेला, रविवारचा सगळा बेत त्याचाच. त्यानं माझ्या पुढ्यात एक पिशवी ठेवली. आत साडी होती. पांढरी. काठ नाही, बुट्टी नाही, काही नाही.

"मामी, रविवारी ही नेसून या. स्टेजवर सगळ्या भाच्यांच्या वतीनं तुमचं सांत्वन करायचं हाय." त्याचा आवाज भरून आला होता. मनात पाप नव्हतं त्याच्या, म्हणून तर जास्त भीती वाटली.

माझ्या हातात हिरव्या बांगड्या आहेत. गळ्यात काळ्या मण्यांचा लच्छा आहे, लग्नात सासूबाईंनी घातलेला. मी साडीला हात लावला नाही. मी ह्यांच्याकडं पाहिलं. म्हटलं, आता बोलतील. आता तरी.

हे म्हणाले, "घ्या की, भाभी. एवढं प्रेमानं आणलंय. वाईट वाटेल त्यांना."

भाभी! नवरा मला भाभी म्हणाला. भीमाशंकर गेल्यावर मी दार लावून घेतलं आणि मला रडू आलं. घरी एवढे जण रडून गेले, पण माझं रडणं वेगळं होतं. मला आयुष्यात इतकं एकटं कधी वाटलं नव्हतं.

"अगं, दोन दिवसांचा प्रश्न आहे," हे दाराबाहेरून म्हणाले.

मी दार उघडलं. "कुणाला वाईट वाटू नये म्हणून तुम्ही मेलात. ठीक आहे, तुमचा जीव, तुम्ही बघा. पण तुम्ही मेलात की मी काय होते, याचा विचार केलात? गावाच्या पोरांना वाईट वाटतं. मला वाटत नाही?"

हे दाराची कडी चाचपत राहिले.

"ऐका. रविवारी तुम्ही स्वतः, स्वतःच्या तोंडानं, सगळ्यांसमोर सांगायचं की मी जिवंत आहे. मी सांगणार नाही, अजिंक्य सांगणार नाही. तुम्ही. नाही सांगितलंत तर मी ही साडी नेसेन. आणि मग अंगावरून उतरवणार नाही. तुम्हाला घरात विधवा बायको चालत असेल तर राहा तिच्याबरोबर."

मी बोललेलं करते, हे त्यांना माहीत आहे. त्यांचा चेहरा उतरला. तेवढ्यात अजिंक्यचा फोन आला. त्याला पुण्यात आत्ता कळलं होतं, पोरगा हादरला होता. "मामी, मी लगेच सगळीकडं लिहून टाकतो, मामा आहेत म्हणून." ह्यांनी फोन माझ्या हातातून घेतला. "नक्को बाळा. रडलेल्या माणसांना लाज वाटंल. मी रविवारी सांगतो. हळूच सांगतो."

शनिवारभर हे आरशासमोर उभे राहून सराव करत होते. "माफ करा, थोडीशी चूक झालीय... माफ करा, तुमचा काही दोष नाही..." एका वाक्यात त्यांनी तीनदा माफी मागितली आणि जिवंत असण्याचा उल्लेख करायचा राहूनच गेला.

रविवारी मी मुद्दाम हिरवी इरकल नेसले. पांढरी साडी पिशवीत घालून बरोबर घेतली. सभागृह खचाखच भरलं होतं, लोक पायऱ्यांवर बसले होते. स्टेजवर यांचा मोठा फोटो, त्याला हार, पुढं समई. बाजूला स्मृतिचिन्ह, त्यावर कोरलेलं, 'कै. मैनुद्दीनमामा'. एका नमाजी माणसाला भाच्यांनी कैलासाला पाठवलं होतं, आणि तेही न विचारता. मला पहिल्या रांगेत बसवलं. हे माझ्या मागच्या रांगेत, कडेच्या खुर्चीवर.

दिवे गेले आणि फिल्म सुरू झाली.

फिल्म चांगली होती, हे मला कबूल केलं पाहिजे. मी रागानं भरून बसले होते, तरी पाच मिनिटांत राग विसरले. लोडशेडिंगचा तो भाग होता. अख्ख्या गावात वीज नाही, हे जनरेटरवर कार्यक्रम करतायत. कॅमेऱ्यामागून कुणीतरी म्हणतं, "मामा, कुणाच्या घरी टीव्ही चालू नाही, कुणाशी बोलताय?" आणि हे म्हणतात, "एखाद्याचा चालू असला तर?" एक बाई सांगत होती, शाळेत नापास झाल्यावर घरी जायचं धाडस नव्हतं, तेव्हा मामांचं वाक्य आठवलं, "रडू आलं तर रडायचं. लाजायचं न्हाई. नाक पुसायला टॉवेल हाय." मग अजिंक्य स्वतः पडद्यावर आला. त्याची आई गेली तो दिवस. घरात माणसंच माणसं, प्रत्येक जण काहीतरी सांगतोय, हा कोपऱ्यात टीव्हीसमोर. त्या दिवशी मामा आले आणि म्हणाले, "आज मला काही सुचंना. आज आपण नुसतं बसू." आणि कार्यक्रमभर बाजेवर गप्प बसून राहिले. "त्या दिवशी सगळे माझ्याशी बोलत होते," अजिंक्य म्हणतो, "माझ्याबरोबर गप्प बसणारा एकच माणूस होता."

त्या दिवशी यांची दाढ ठणकत होती. मी स्वतः लवंग दिली होती. मला सगळं माहीत होतं आणि तरी मी ढसाढसा रडले.

दिवे लागले तेव्हा हॉलमध्ये एकही डोळा कोरडा नव्हता. भीमाशंकरनं माईक हातात घेतला. "आता दोन मिनिटं शांतता पाळायची हाय. त्याआधी श्रीमती माजिदामामींनी कृपया स्टेजवर यावं."

मी गेले. पिशवीतून पांढरी साडी काढली, दोन्ही हातांत धरली आणि ह्यांच्याकडं बघत उभी राहिले. काही बोलले नाही. ठरलं होतं तसं.

हे उठले. पायऱ्या चढून वर आले. माईकसमोर उभे राहिले.

"बाळांनो," हे म्हणाले, तोच हळू आवाज, "माफ करा. थोडी चूक झाली हाय. मी मेलेलो न्हाई. मीच मामा हाय."

हॉलमधून एक मोठा उसासा आला. कुणीतरी म्हणालं, "भाऊ हाय त्यो. आवाज बी तसाच हाय बगा." मागच्या बायका आणखी जोरात रडायला लागल्या. भीमाशंकरनं ह्यांना मिठी मारली, पाठ थोपटली. "समजतंय आमाला. रडू आलं तर रडायचं. लाजायचं न्हाई." आणि ह्यांच्या हातात एक टॉवेल दिला.

"अहो, खरंच! हेच मामा आहेत!" अजिंक्य खालून ओरडला. त्याला लगेच दोघांनी दोन बाजूंनी धरून खुर्चीत बसवलं, पाणी पाजलं. "त्याच्यानं सहनच होईना गेलंय. केवढं प्रेमानं पिक्चर काढला पोरानं."

माझा निश्चय मोडला, मी बोलले. "मी बायको आहे यांची! मला कळणार नाही का?" तर स्टेजवरच्या दोन बायका म्हणाल्या, "बोलू द्या मामींना, बोलू द्या. मन मोकळं हुतंय." सगळे मामांच्याच आवाजात, हळू हळू, गोड गोड बोलत होते. ह्यांनीच शिकवलं होतं सगळ्यांना. एवढी मायाळू माणसं एका जागी मी कधी पाहिली नाहीत, आणि त्यातलं एकही ऐकायला तयार नव्हतं.

मग ह्यांना एक सुचलं. हातातला टॉवेल झटकला, मुठीला गुंडाळला, दोन टोकं वर काढली. शेळी! क्षणभर हॉल गार झाला. मला वाटलं, सुटलो.

शेळीनं मान हलवली आणि बारीक आवाजात म्हणाली, "मामा जिता हाय गं बाई, मामा जिता हाय!"

आणि सगळं सभागृह, बँकेचे साहेब, फौजदार, डॉक्टरीण, सगळे एका सुरात ओरडले, "शेळी खोटं बोलते!"

ओरडले आणि पुन्हा रडायला लागले. एकानं तर उठून सांगितलं की भावानं कला जपलीय, ही मोठी गोष्ट आहे. आता मामा मेल्याचा यापेक्षा मोठा पुरावा कुणालाच नको होता.

दरम्यान त्या दोघींनी माझ्या हातातली साडी घेऊन उलगडली होती. एकीनं ती माझ्या खांद्यावर टाकली, इरकल झाकली. दुसरीनं माझं मनगट हातात घेतलं. कापसासारखा हात तिचा. "मामी, हळूच काढते हं बांगड्या. अजिबात दुखणार न्हाई." मी मनगट मागं ओढलं, तिनं आणखी मायेनं धरलं.

"हात सोड तिचा!"

माईक किंचाळला. मी दचकले. मला कळेना आवाज कुणाचा. इतक्या वर्षांच्या संसारात तो आवाज मी ऐकलाच नव्हता.

"सोड म्हणतो ना! कुणी सांगितलं तुम्हाला हिच्या अंगाला हात लावायला? एवढं सांगतोय माणूस, कान फुटलेत का तुमचे? माझ्या बायकोला पांढरं नेसवताय? माझ्या डोळ्यांदेखत?"

ती बाई घाबरून दोन पावलं मागं सरली. मग मागून कुणीतरी सावकाश म्हणालं, "मामा आसा कदी बोलला नसता."

"न्हाईच," दुसरा म्हणाला. "मामाला राग ठाऊकच न्हवता."

माना हलल्या. पटलं सगळ्यांना. ज्यांना थोडीफार शंका आली असेल, तीही फिटली. भीमाशंकरचा खालचा ओठ थरथरत होता, बाजेवरच्या मामांकडं बघणाऱ्या पोरासारखा तो ह्यांच्याकडं बघत होता. आणि मला ह्यांचा चेहरा दिसत होता. तो चेहरा मला पाठ आहे. आता हे माफी मागणार. आता हात जोडणार, गोड बोलणार, सगळ्यांची समजूत काढणार, आणि मी त्या साडीत घरी जाणार.

ह्यांनी हातातला टॉवेल माईकच्या दांडीवर अडकवला.

"बरं," हे म्हणाले. हळू नाही, जोरात नाही, साधं. "तुमचंच खरं. मामा गेला. लई चांगला हुता. तुम्ही रडा त्याला, हवं तेवढं रडा. पर मी मैनुद्दीन हाय, आणि ही माझी बायको हाय. मी जिता असंस्तवर हिच्या बांगडीला कुणी हात लावायचा न्हाई."

ह्यांनी माझ्या खांद्यावरची साडी काढली, सवयीनं चार घड्या घातल्या आणि भीमाशंकरच्या हातात ठेवली. मग माझा हात धरला. भर सभागृहात, सगळ्या गावासमोर, यांनी माझा हात असा कधी धरला नव्हता. आम्ही मधल्या वाटेनं बाहेर पडलो. मागं भीमाशंकरनं घोगऱ्या आवाजात शांतता जाहीर केली आणि सगळे उभे राहिले. दोन मिनिटं ते आमच्याशिवाय गप्प राहिले.

फिल्म आता गावोगाव दाखवतात. अजिंक्यनं शेवटी पडद्यावर ओळ टाकली, 'मैनूमामा आजही आपल्यात आहेत'. लोकांना ती ओळ फार आवडते, तिथं हमखास रडतात. सोलापुरात मात्र आता ठाम ठरलंय की मामा गेले आणि मामी त्यांच्या तापट भावाबरोबर राहते. दुकानात गेलं की बायका आवाज खाली करतात. बोलू देत. मामा सगळ्या गावाचा होता, गावानं नेला. उरला तो मला पुरतो.

परवा सारजाबाईंनी भिंतीपलीकडून हाक मारली. गॅसची टाकी संपली होती, ह्यांनी लगेच जाऊन आणून द्यावी म्हणून. आजवर अशा हाकेला हे जेवणाच्या ताटावरून उठून गेलेत. मी पोळपाटावर हात थांबवून ऐकत होते.

"आज नाही जमणार," हे म्हणाले. "आज माजिदाला घेऊन तळ्यावर फिरायला चाललोय."

सारजाबाई थोड्या वेळानं स्वयंपाकघराच्या दाराशी आल्या. चेहरा गंभीर. आयुष्यभर भिंतीला भिंत लावून राहिलेली बाई, माझ्या कानाशी लागून म्हणाली, "माजिदाभाभी, इतकं दिस मी बोलले न्हाई. पर आज माझी बी खातरी पटली. ह्यो मामा न्हाई बग."

"नाहीच," मी म्हणाले. "नवरा आहे माझा."